दहशतवादाची व्याख्या : राष्ट्रांचे एकमत का होत नाही?

दहशतवाद म्हणजे काय, हे पश्चिम रेल्वेच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अवघ्या अकरा मिनिटांत सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे त्या दिवसापासून आपल्या मनात एका वेगळ्याच क्रमाने कोरली गेली. कामावरून घरी परतणारे १८० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते, या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि नेमके त्यामुळेच हे कृत्य काय आहे याविषयी कोणाच्या मनात शंकाही नव्हती.

असे असताना जगातील १९३ राष्ट्रे ज्या संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्य आहेत, त्या संघाला ‘दहशतवाद’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या अद्याप करता आलेली नाही, हे ऐकून आपले अनेक वाचक चकित होतात. काहींना हा निव्वळ ढोंगीपणा वाटतो. ‘मुत्सद्द्यांना शब्दांचा कीस काढण्यापलीकडे उद्योग नाही’ असेही म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही आणि त्याच्याशी आपला, म्हणजे भारतीयांचा आणि ख्रिस्ती श्रद्धावंतांचा, दुरून का होईना पण खरा संबंध आहे. म्हणून त्याची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. मराठीतील ‘दहशत’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. हिंदीच्या प्रभावाने आलेला ‘आतंक’ हा संस्कृत शब्द मुळात रोग, पीडा, भय या अर्थांचा आहे. ‘अतिरेकी’ हा आपल्या वृत्तपत्रांचा जुना आवडता शब्द, पण त्यात हिंसेचा उल्लेखच नाही, मर्यादा ओलांडणे एवढाच त्याचा अर्थ. युरोपीय भाषांतील मूळ शब्द मात्र फ्रेंच राज्यक्रांतीतून जन्माला आला. १७९३-९४ या काळात क्रांतिकारी सरकारने विरोधकांना गिलोटिनखाली पाठवून जी राजवट चालविली, तिला ‘तेरेर’ म्हणजे दहशत असे नाव पडले. १७ जुलै १७९४ रोजी काँपिएन्य येथील कार्मेल मठातील सोळा धर्मभगिनींना पॅरिसमध्ये याच गिलोटिनखाली देण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी त्यांची नावे संतांच्या यादीत समाविष्ट केली. त्या हौतात्म्यानंतर दहाच दिवसांनी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. पुढे १७९८ साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या पुरवणीत ‘तेरोरिझ्म’ या शब्दाचा अर्थ दहशतीची राज्यव्यवस्था असा देण्यात आला. म्हणजे आरंभी दहशतवादी होते ते सरकार. आज आपण हा शब्द ऐकतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे सरकारविरुद्ध शस्त्र उचलणारी टोळी येते. शब्दाची दिशाच उलटी झाली आहे, आणि पुढच्या भांडणाचे बीज या उलटापालटीत आहे.

ही उलटापालट कायद्याच्या भाषेत प्रथम उतरली ती १९३७ साली. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले आणि मोटारीतून जात असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्यासोबत असलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हेही त्या गोंधळात गोळी लागून मरण पावले. कटाचे क्रोएशियन सूत्रधार इटलीत होते. फ्रान्सने त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली, तेव्हा तुरीन येथील न्यायालयाने हा राजकीय स्वरूपाचा गुन्हा आहे असे सांगून ती नाकारली. त्या काळच्या प्रत्यार्पण करारांत राजकीय गुन्हेगाराला परत न पाठविण्याची प्रथा रूढ होती आणि ती उदात्त हेतूने रूढ झाली होती, जुलमी राजांच्या तावडीतून निसटलेल्यांना आश्रय मिळावा म्हणून. तिच्या आडून राजाचे मारेकरी सुटतील याचा विचार झाला नव्हता.

या प्रकरणाने हादरलेल्या तेव्हाच्या राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) १६ नोव्हेंबर १९३७ रोजी जिनिव्हात दहशतवादाला प्रतिबंध करणारा करार सिद्ध केला. त्यात दहशतवादी कृत्य म्हणजे राज्याविरुद्ध केलेले आणि व्यक्तींच्या, समूहाच्या वा सर्वसामान्य जनतेच्या मनात दहशत निर्माण करण्याचा उद्देश असलेले गुन्हेगारी कृत्य, अशा आशयाची व्याख्या होती. ‘राज्याविरुद्ध’ हा शब्द लक्षात घ्यावा. या व्याख्येनुसार राज्य स्वतः कधीच दहशतवादी ठरू शकत नव्हते. तोवर जर्मनीत हिटलरच्या सत्तेला चार वर्षे उलटून गेली होती.

करारावर २४ राष्ट्रांनी सह्या केल्या. त्याला रीतसर मान्यता मात्र एकानेच दिली आणि ते म्हणजे हिंदुस्थान. अर्थात ब्रिटिश हिंदुस्थान सरकार. ही मान्यता १९४१ सालच्या आरंभी देण्यात आली. विशेष म्हणजे खुद्द ब्रिटनने आपल्या नावे या करारावर सहीसुद्धा केली नव्हती. हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांना त्याची गरज का वाटली, हे ओळखणे अवघड नाही. त्याच्या आदल्या वर्षी उधमसिंग यांनी लंडनमध्ये मायकेल ओडवायर यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. बंगाल आणि पंजाबमधील सशस्त्र क्रांतिकारकांसाठी सरकारी कागदपत्रांत ‘टेररिस्ट’ हाच शब्द वापरला जात असे. आपल्या महाराष्ट्रात २२ जून १८९७ रोजी पुण्यात दामोदर चापेकर यांनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्या रात्री रँडसोबत लेफ्टनंट आयर्स्ट हेही बळी पडले. सरकारच्या लेखी चापेकर बंधू खुनी होते, आमच्या शाळेच्या पुस्तकात ते हुतात्मे होते. दोन्ही शब्द एकाच घटनेचे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३७ चा करार अंमलात न येताच विस्मृतीत गेला.

नव्या संयुक्त राष्ट्रसंघापुढे हा प्रश्न ठळकपणे आला तो १९७२ साली. ५ सप्टेंबर रोजी म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात शिरून पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली पथकातील सदस्यांना ओलीस धरले. त्यात ११ इस्रायलींचा अंत झाला. सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी दहशतवादाचा विषय आमसभेपुढे ठेवावा अशी सूचना केली. त्यावर जे घडले ते मुत्सद्देगिरीच्या इतिहासात पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतील आणि अरब जगतातील राष्ट्रांनी विचारले, अंगोला-मोझांबिकमध्ये पोर्तुगीज जे करीत आहेत ते काय? दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकार जे करते ते काय? ज्यांची भूमी हिरावली गेली त्यांच्या हिंसेची चर्चा आधी आणि हिरावणाऱ्याच्या हिंसेची कधीच नाही, हे कसे? पाश्चात्त्य राष्ट्रांचे म्हणणे असे की, कारणांचा शोध घेत बसलो तर तोवर विमाने उडविली जातील आणि माणसे मरतील. तडजोड अशी झाली की विषयाचे शीर्षकच लांबविण्यात आले. निरपराध जिवांना धोक्यात आणणारा दहशतवाद रोखण्याचे उपाय, आणि त्याचबरोबर दैन्य, निराशा, अन्याय व हताशा यांत रुजलेल्या हिंसेच्या मूळ कारणांचा अभ्यास, अशी दोन्ही बाजूंची वाक्ये एकाच शीर्षकात बसविली. ते शीर्षक मराठीत पूर्ण लिहिले तर या पानाच्या चार-पाच ओळी खाईल. १८ डिसेंबर १९७२ रोजी ३५ सदस्यांची समिती नेमली गेली. समितीने बैठका घेतल्या, अहवाल दिले, व्याख्या मात्र केली नाही.

तेव्हा भारताची सहानुभूती कोठे होती, हेही सांगितले पाहिजे. वसाहतींच्या मुक्तिलढ्यांना भारताचा पाठिंबा होता आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता देणाऱ्या पहिल्या अरबेतर राष्ट्रांत भारत होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्यासाठी भारताने लष्कर पाठविले, तेव्हा सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य राष्ट्रांनी भारताला माघार घ्यायला सांगणारा ठराव आणला होता आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळेच तो बारगळला. ज्या राष्ट्राच्या गाठीशी असा अनुभव आहे, त्याला ‘परकीय सत्तेविरुद्धचा लढा’ हे शब्द हलक्याने घेता येत नव्हते. हाच भारत पुढे व्याख्येचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता झाला. त्याची कारणे काश्मीर, पंजाब आणि १२ मार्च १९९३ ची मुंबई यांत सापडतात.

एकमत होत नाही म्हटल्यावर कायदेपंडितांनी वेगळी वाट काढली. संपूर्ण प्राण्याचे चित्र काढता येत नसेल तर एकेक अवयव रेखाटावा, अशी ही युक्ती. विमान पळविणे, राजनैतिक अधिकाऱ्यांवर हल्ला, ओलीस धरणे, बाँबस्फोट, दहशतवादाला पैसा पुरविणे, अशा एकेका कृत्यावर स्वतंत्र करार झाले. १९६३ पासून आजवर असे १९ आंतरराष्ट्रीय दस्तऐवज तयार झाले आहेत. विमान पळविणाऱ्याचा हेतू काय होता, हे १९७० चा हेग करार विचारत नाही. विमान बळाने ताब्यात घेतले की गुन्हा घडला. त्यात एक जुने लॅटिन सूत्र कामी आले, ‘आउत देदेरे, आउत युदिकारे’, म्हणजे आरोपीला स्वाधीन करा, नाहीतर स्वतः खटला भरा. सेमिनरीत लॅटिन शिकताना हे वाक्य विमानतळावर उपयोगी पडेल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. मार्सेयच्या मारेकऱ्यांना तुरीनमध्ये जी पळवाट सापडली, ती या सूत्राने बऱ्याच अंशी बुजविली.

परंतु अवयव कितीही रेखाटले तरी एखादा राहतोच. म्हणून १९९६ साली भारताने राष्ट्रसंघात एका सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेने खास समिती स्थापन केली आणि २००० सालापासून भारताच्या सुधारित मसुद्यावर कलमवार चर्चा सुरू झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर काही महिने असे वाटले की आता हा करार होणारच. बहुतेक कलमांवर सहमती झाली होती. गाडे अडले ते हा करार कोणाला लागू होणार नाही, हे सांगणाऱ्या कलमावर.

येथे थोडे थांबून शब्द नीट पाहिले पाहिजेत. ऑस्ट्रेलियाच्या समन्वयकांनी तयार केलेल्या मसुद्यात म्हटले होते की, सशस्त्र संघर्षाच्या काळात ‘सशस्त्र दलांच्या’ ज्या हालचालींना युद्धविषयक कायदा लागू आहे, त्यांना हा करार लागू होणार नाही. इस्लामी परिषदेच्या राष्ट्रांनी सुचविले की ‘सशस्त्र दले’ या शब्दांऐवजी ‘पक्ष’ हा शब्द घालावा आणि ‘परकीय ताब्याच्या परिस्थितीसह’ हे शब्द जोडावेत. एका शब्दाने किती फरक पडतो पाहा. सशस्त्र दल म्हणजे गणवेशातील, हुकमाखाली चालणारे सैन्य. ‘पक्ष’ म्हटले की गाझातील, लेबनॉनमधील संघटनाही आत येतात. शिवाय ‘परकीय ताबा’ हे शब्द पाकिस्तानने काश्मीरच्या संदर्भात वापरले असते, ही भारताची धास्ती अनाठायी नव्हती.

दुसरा वाद याहूनही सूक्ष्म. राज्याच्या लष्कराने आपले अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या कृती या कराराबाहेर ठेवाव्यात, पण कोणत्या अटीवर? समन्वयकांचा मसुदा म्हणे, आंतरराष्ट्रीय कायद्याचे अन्य नियम त्यांना ‘लागू असतील’ तर. इस्लामी परिषद म्हणे, त्या कृती आंतरराष्ट्रीय कायद्याला ‘धरून असतील’ तर. पहिल्या शब्दयोजनेत सैनिकाने नियम मोडला तरी त्याचा निवाडा त्याच नियमांखाली, म्हणजे युद्धगुन्हा म्हणून होईल, दहशतवाद म्हणून नव्हे. दुसऱ्या शब्दयोजनेत नियम मोडला की सैनिकाचे संरक्षण संपले आणि त्यालाही दहशतवादी म्हणता येईल. मोठ्या लष्करी राष्ट्रांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. २००७ साली ग्रीसच्या समन्वयकांनी दोन्ही बाजूंना सावरून घेणारी नवी वाक्यरचना सुचविली. तिच्यावरही वर्षानुवर्षे चर्चा झाली. खास समितीची अखेरची बैठक २०१३ मध्ये भरली.

आमचे मत विचाराल तर, दोन्ही बाजूंना आपापली हिंसा व्याख्येबाहेर ठेवायची आहे आणि दोन्ही बाजू त्यासाठी उत्तम कायदेशीर कारणे देतात. ‘पक्ष’ या शब्दाने बसमध्ये बाँब ठेवणाराही सुटू शकतो. दुसऱ्या बाजूला, सैनिकी अत्याचाराचा निवाडा युद्धविषयक कायद्याखाली होईल असे म्हणायचे आणि तो निवाडा कधी होऊच द्यायचा नाही, हेही जगाने पुष्कळदा पाहिले आहे.

ख्रिस्तसभेची या बाबतीतील शिकवण काय आहे? परमधर्मपीठ राष्ट्रसंघाचे सदस्य नाही. १९६४ पासून ते तेथे कायमचे निरीक्षक आहे. चर्चेत ते बोलते, मत देत नाही. त्याने कोणतेही सूत्र लिहून दिले तरी ते स्वीकारणे कोणावर बंधनकारक नाही. तरीही सेमिनरीत नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षी जे शिकविले जाते, त्याचा येथे उपयोग होतो असे आम्हांला वाटते. कोणत्याही कृत्याचा नैतिक विचार करताना तीन गोष्टी पाहायच्या असतात, प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. त्यांतील पहिली गोष्टच मुळात दुष्ट असेल, तर हेतू कितीही उदात्त असो, कृत्य चांगले ठरत नाही. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे, हा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच झिडकारला आहे. राष्ट्रसंघातील भांडण बहुतांशी ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ या दोन प्रश्नांभोवती फिरते. ‘काय केले’ आणि ‘कोणाला केले’ हे प्रश्न आधी विचारले तर निदान एका गाभ्यापुरते एकमत होण्यास हरकत नसावी. युद्धात ज्याचा हात नाही अशा माणसाला, इतरांनी घाबरावे म्हणून, जाणूनबुजून ठार करणे हा तो गाभा. मारणाऱ्याच्या अंगावर गणवेश आहे की नाही, हे त्यानंतरचे.

कॅटेकिझममध्ये दहशतवादाचा उल्लेख आहे तो याच अंगाने. कोणताही भेद न करता धमकावणारे, जखमी करणारे आणि मारणारे कृत्य म्हणून ते न्याय व प्रीती यांच्या विरोधात आहे, असे तेथे सांगितले आहे. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात संपूर्ण शहरे सरसकट उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धकृत्यांना देवाविरुद्धचा आणि मानवाविरुद्धचा गुन्हा म्हटले आहे. तशी कृत्ये करण्याची ताकद कोणाकडे असते, हे सांगायला नको. बंडखोर आणि सरकार या दोहोंना एकच माप लावण्याचा हा प्रयत्न आहे.

२००१ च्या हल्ल्यानंतर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी २००२ च्या जागतिक शांतता दिनासाठी जो संदेश दिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. न्यायाविना शांती नाही आणि क्षमेविना न्याय नाही, असे त्याचे शीर्षक. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात ज्यांच्या पोटात गोळी शिरली आणि ज्यांनी पुढे तुरुंगात जाऊन गोळी झाडणाऱ्याची भेट घेतली, त्यांनी हे लिहिले होते, म्हणून त्यातील ‘क्षमा’ हा शब्द कोणाला पुस्तकी वाटू नये. त्या संदेशात दहशतवादापासून स्वसंरक्षण करण्याचा हक्क स्पष्ट मान्य केला आहे. पण त्याला नैतिक आणि कायदेशीर मर्यादा आहेत, दोषी कोण हे नीट निश्चित झाले पाहिजे, आणि गुन्ह्याचा दोष नेहमी व्यक्तीचा असतो, तो तिच्या राष्ट्रावर, वंशावर किंवा धर्मावर लादता येत नाही, असेही त्यांनी बजावले. जगातील अन्याय हे दहशतवादाचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र जेथे माणसाचे हक्क दीर्घकाळ तुडविले जातात तेथे दहशतवाद्यांना माणसे मिळणे सोपे जाते, हेही त्यात आहे. १९७२ साली आमसभेने जे दोन तुकडे एका लांबलचक शीर्षकात कसेबसे जोडले होते, ते येथे एकमेकांना न छेदता शेजारी उभे आहेत.

राष्ट्रसंघातही या दिशेने प्रयत्न झाला नाही असे नाही. २००४ मध्ये थायलंडचे माजी पंतप्रधान आनंद पन्यारचुन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय मंडळाने व्याख्येचा एक आराखडा दिला. लोकसंख्येला भयभीत करण्यासाठी किंवा सरकारला भाग पाडण्यासाठी नागरिकांना वा लढ्यात सहभागी नसलेल्यांना ठार मारण्याच्या किंवा गंभीर इजा करण्याच्या हेतूने केलेले कृत्य, असा त्याचा गाभा होता. परकीय ताब्याला विरोध करण्याचा हक्क असला तरी नागरिकांना लक्ष्य करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असेही मंडळाने म्हटले. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी त्याला उचलून धरले. सप्टेंबर २००५ च्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी दहशतवादाचा निषेध केला, तो कोणीही, कोठेही, कोणत्याही उद्देशाने केलेला असो. व्याख्येचे वाक्य मात्र अखेरच्या वाटाघाटींत गळून पडले.

या निकषावर चापेकरांचे काय, असे कोणी विचारील. रँड हा मुलकी अधिकारी होता आणि आयर्स्ट तर त्या रात्री हकनाक गेला. ख्रिस्ती नीतिशास्त्र त्या हत्येला योग्य म्हणणार नाही. पण बाजारात किंवा आगगाडीत भेटेल त्याला मारणे आणि हे, एकाच नावाने संबोधावे का? आम्हांला तसे वाटत नाही. प्रत्येक राजकीय खून म्हणजे दहशतवाद, असे ठरवू लागलो की शब्द फुगत जातो, आणि फुगलेला शब्द कोणाच्याही गळ्यात अडकविता येतो.

हे भय काल्पनिक नाही. पवित्र शास्त्रातच त्याचे उदाहरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिरापाशी दंगल उसळते आणि रोमन सहस्राधिपती संत पौलाला बेड्या घालून घेऊन जातो. वाटेत तो विचारतो, चार हजार मारेकऱ्यांना घेऊन रानात गेलेला तो मिसरी बंडखोर तूच ना? मूळ ग्रीक मजकुरात ‘सिकारी’ हा शब्द आहे. झग्याखाली ‘सिका’ म्हणजे आखूड सुरा लपवून गर्दीत माणसे मारणारे ते लोक, इतिहासकार जोसेफस यांनी त्यांचे वर्णन केले आहे. दहशतवादाच्या इतिहासावरील ग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा पहिल्याच प्रकरणात येतो. पौल ग्रीक बोलू शकला आणि रोमन नागरिक असल्याचे सांगू शकला, म्हणून फटक्यांतून वाचला. ज्याला असे काही सांगता आले नसते, त्याचे काय झाले असते? आणि प्रभू येशूवर पिलातापुढे जो आरोप ठेवला गेला तोही लोकांना चिथावणी देण्याचाच होता.

आपल्या देशात ‘दहशतवादी कृत्य’ या शब्दांची कायदेशीर व्याख्या आहे. १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, २००४ साली दहशतवादासाठी दुरुस्त झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जण बळी पडल्यानंतर डिसेंबरमध्ये तो अधिक कडक झाला आणि २०१९ साली संघटनांप्रमाणे व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही दहशतवादी कृत्याचे कलम आले आहे. २००८ च्या दुरुस्तीने आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन मिळू नये अशी तरतूद केली. कडक कायद्याची गरज नव्हती असे आम्ही म्हणत नाही. सीएसटीच्या फलाटावर जे घडले त्यानंतर तसे म्हणणे मृतांचा अपमान ठरेल.

परंतु याच कायद्याखाली ८ ऑक्टोबर २०२० रोजी येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना रांची येथून अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे, पेला धरणे अशक्य, म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला. झारखंडमधील आदिवासींच्या जमिनींच्या आणि तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांच्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य वेचले होते. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, कोठडीत असतानाच त्यांचा अंत झाला. खटला उभा राहिलाच नाही, त्यामुळे आरोप सिद्धही झाला नाही आणि फेटाळलाही गेला नाही.

आणि ज्या स्फोटांपासून आम्ही आरंभ केला, त्यांचे काय झाले? २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. त्यांतील एक जण तोवर कैदेतच मरण पावला होता. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना १९ वर्षांनी न्यायाऐवजी प्रश्नचिन्ह मिळाले, आणि ज्यांनी ही वर्षे गजांआड काढली त्यांनाही ती कोणी परत देणार नाही. दोषी कोण हे नीट निश्चित झाले पाहिजे, हे पोप जॉन पॉल यांचे वाक्य कोणाच्या बाजूचे आहे, असे विचारणाऱ्याने या दोन्ही प्रकारच्या घरांत जाऊन यावे.

व्याख्या नसली म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहार थांबलेला नाही. २८ सप्टेंबर २००१ चा सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव सर्व राष्ट्रांना दहशतवादाचा पैसा रोखण्याचा आदेश देतो, मात्र दहशतवाद म्हणजे काय हे सांगत नाही. प्रत्येक सरकारने आपल्या सोयीची व्याख्या करून विरोधकांना तिच्यात बसवावे, याला त्याने वाव दिला, अशी टीका त्यावर झाली आहे. दुसरे साधन याद्यांचे. सुरक्षा परिषदेच्या समितीने एखाद्याचे नाव यादीत घातले की त्याची मालमत्ता गोठते आणि त्याला प्रवास करता येत नाही. पण समितीत पंधराही सदस्यांची संमती लागते. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातील प्रवाशांच्या बदल्यात सोडलेल्या मसूद अझहरचे नाव यादीत यावे म्हणून भारताने अनेक वर्षे प्रयत्न केले. चीन तांत्रिक कारण देऊन ते पुन्हा पुन्हा रोखून धरत असे. फेब्रुवारी २०१९ मधील पुलवामाच्या हल्ल्यानंतरही मार्चमध्ये तेच झाले. अखेर १ मे २०१९ रोजी चीनने हरकत मागे घेतली. मधल्या काळात त्याच्याविषयीचे पुरावे बदलले नव्हते, बदलली होती ती चीनची गणिते. ज्या व्यवस्थेत नियम लिहिलेला नसतो तेथे असे घडते, आणि सर्वंकष कराराचा आग्रह धरणाऱ्या भारताच्या बाजूचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे.

२०१४ साली आमसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हा करार मार्गी लावण्याचे आवाहन केले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी आमसभेने स्वीकारलेल्या ‘भविष्यासाठीच्या करारनाम्या’त सर्वंकष कराराचे प्रयत्न पुन्हा चेतवावेत असा उल्लेख आहे. दहशतवादाचा विषय आमसभेच्या सहाव्या, म्हणजे कायदेविषयक समितीपुढे येत असतो आणि निरीक्षकांच्या आसनावरून परमधर्मपीठाचे प्रतिनिधीही या चर्चा ऐकतात. ‘सशस्त्र दले’ की ‘पक्ष’, ‘लागू असतील’ की ‘धरून असतील’, हे शब्द मसुद्यात अजूनही दोन्ही बाजूंच्या आग्रहासह तसेच पडून आहेत.